शरदातील स्थलांतर जवळच्याच पाणवठ्यावर कसे पाहावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे : ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात पक्ष्यांचे स्थलांतर ऐन भरात असते असे सर्वत्र वाचायला मिळते, परंतु जवळच्या तलावावर किंवा माळावर गेल्यास दिसतात ते थोडेसे तपकिरी, एकमेकांसारखे, ओळखू न येणारे पक्षी. एखाद्या सकाळी ते भरपूर असतात आणि दोन दिवसांनी त्याच जागी काहीच नसते. तर मग स्थलांतर पाहण्यासाठी नामांकित ठिकाणीच जायला हवे का, आणि जवळच पाहायचे असेल तर काय, केव्हा आणि कसे पाहावे?

नामांकित ठिकाणी जरूर जावे, पण स्थलांतर समजून घेण्यासाठी एकच जवळची जागा निवडून तिथे हंगामभर ठरावीक अंतराने जाणे आणि दर वेळी नेहमीच्याच पक्ष्यांची मोजदाद करणे याला पर्याय नाही. आज भरपूर आणि परवा शून्य अशी जी तक्रार प्रश्नात आहे, ती वस्तुतः स्थलांतराची सर्वांत ठळक खूण आहे. एकदाच दिलेल्या भेटीत पक्षी दिसतात. त्यांचे येणे-जाणे दोन भेटींमधल्या फरकातूनच कळते.

प्रथम वेळापत्रकाविषयी. उत्तर गोलार्धातील ‘शरदातील’ स्थलांतर शरदाच्या बरेच आधी सुरू होते. उत्तर ध्रुवालगतच्या टुंड्रा प्रदेशातला उन्हाळा अगदी तोकडा असल्याने तिथे घरटी करणारे तुतारी, टिलवे आणि त्यांच्या कुळातले इतर पक्षी जूनच्या अखेरीस किंवा जुलैमध्येच दक्षिणेकडे निघू लागतात. ज्यांची वीण फसली ते सर्वांत आधी निघतात. पिलांच्या संगोपनात भाग न घेणारी मंडळीही लवकर निघतात. रफ या पक्ष्याचे नर म्हणूनच मादीच्या आधी वाटेला लागतात, तर फॅलारोप या पाणपक्ष्यामध्ये अंडी उबवण्याचे काम नराकडे असल्याने माद्या आधी निघतात. त्या वर्षीची पिले मात्र मागाहून, काही आठवड्यांच्या अंतराने आणि बहुतेक जातींत आईबापांच्या सोबतीशिवाय प्रवास करतात. कीटकांवर जगणारे वटवटे, माशीमार आणि भिंगऱ्या साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, शिकारी पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि बदके व हंस त्याहून उशिरा, उत्तरेकडील पाणी गोठण्याच्या बेतात असताना सरकतात. आपण जितके दक्षिणेला राहतो तितक्या या तारखा पुढे जातात. त्यामुळे दुसऱ्या अक्षांशावरच्या कोणाच्या नोंदी पाहून आपला हंगाम ठरवू नये.

या क्रमात एक भेद लक्षात ठेवावा लागतो. काही पक्षी आपल्या परिसरात हिवाळाभर मुक्कामाला येतात. काही फक्त वाटसरू असतात, दोन-चार दिवस खाऊन चरबी साठवून पुढे जातात. एकाच जातीचे काही पक्षी मुक्कामी आणि काही वाटसरू असू शकतात. तीन सलग भेटींत प्रत्येकी दहा-बारा ठिपकेवाल्या तुताऱ्या दिसल्या, तर त्या त्याच दहा-बारा असतील असे गृहीत धरणे ही अत्यंत स्वाभाविक आणि बहुधा चुकीची समजूत ठरते. संख्या तशीच राहून पक्षी बदलत असल्याचे कळते ते वयावरून : पहिल्या भेटीत झिजलेल्या पिसांचे प्रौढ पक्षी असतात आणि महिन्याभराने त्याच काठावर बहुतांश ताज्या पिसांची पिले असतात. मोजताना आकड्यासोबत ‘प्रौढ किती, पिले किती’ एवढे जरी लिहिले तरी त्या नोंदीची किंमत कितीतरी वाढते.

हे वय ओळखायचे कसे, हा प्रश्नातल्या ‘तपकिरी आणि एकसारखे’ या अडचणीचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. शरदात बहुतेक पक्षी विणीच्या काळातला पेहराव उतरवत असतात किंवा त्यांनी तो अजून कधी घातलेलाच नसतो. चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांच्या पिलांची सर्व पिसे एकाच वेळी उगवलेली असल्याने पाठीवरचे प्रत्येक पीस नीटस, एकसारखे आणि फिकट किनारीचे दिसते, जणू खवले मांडून ठेवले आहेत. याउलट ऑगस्टमधल्या प्रौढ पक्ष्याच्या पाठीवर काही पिसे जुनी, विटकी व कडा झिजलेली आणि काही नवी करडी अशी सरमिसळ असते. बदकांचा प्रकार वेगळा आहे. वीण संपल्यावर नर आपला झगझगीत पेहराव टाकून मादीसारखा तपकिरी होतो, आणि पंखांची उड्डाणपिसे एकदमच झडल्यामुळे साधारण तीन ते चार आठवडे त्याला उडताही येत नाही. उडण्याची शक्ती परत आल्यावर तो प्रवासाला निघतो, पण अंगावरचा तपकिरी पेहराव बराच काळ टिकतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला आलेल्या थव्यात ‘सगळ्या माद्याच आहेत’ असे वाटते. अशा वेळी रंग विसरून आकार पाहावा : थापट्या बदकाची पुढे रुंद होत गेलेली चोच किंवा तलवार बदकाची लांब मान आणि टोकदार शेपटी कोणत्याही पेहरावात लपत नाही. पंख उघडल्यावर दिसणारा चकचकीत पट्टाही त्या काळात ओळखीला भरवशाचा असतो.

तुताऱ्यांबाबत नवशिक्यांची फार गल्लत होते, पण तीन जातींची ओळख पक्की केली की पुढचे बरेच काम सोपे होते. साधी तुतारी शेपटीकडचा भाग सतत खालीवर हलवते, खांद्यापुढे तिच्या छातीच्या बाजूला पांढरी पाचर शिरलेली दिसते, आणि पाण्यालगत उडताना ती ताठ पंख थोडे थोडे फडकावत जाते; तिच्या पंखावर पांढरी रेघ असते पण शेपटीचे मूळ पांढरे नसते. हिरवी तुतारी पाठीने गडद असते. ती उडताच शेपटीचे मूळ लख्ख पांढरे दिसते आणि पंखांची खालची बाजू काळपट असते. ठिपकेवाल्या तुतारीच्याही शेपटीचे मूळ पांढरे असते, परंतु तिच्या पंखांची खालची बाजू फिकट, पाय पिवळसर आणि डोळ्यावरची पांढरी भुवई लांब, डोळ्यामागेपर्यंत गेलेली असते. या तिघींचे आवाजही वेगळे आहेत आणि माझ्या मते ते पिसाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह आहेत. चिफचाफसारखे पानांतून फिरणारे वटवटे तर आवाज आणि हालचाल यांवरच ओळखावेत. चिफचाफ शेपटी सारखी खाली झुकवत राहतो आणि त्याचे पाय काळपट असतात. जे ओळखू येत नाहीत त्यांची नोंद ‘वटवट्या, जात अनिश्चित’ अशी करण्यात कमीपणा मुळीच नाही.

आता ‘आज भरपूर, परवा शून्य’ या कोड्याकडे वळू. लहान पक्ष्यांपैकी बहुसंख्य पक्षी रात्री प्रवास करतात. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने ते उठतात, काही शे मीटर ते दीड-दोन किलोमीटर उंचीवरून उडतात आणि बहुधा पहाटेच्या आत उतरतात. रात्रीची हवा थंड व स्थिर असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. त्यांना दिशा कशी कळते याचा उलगडा विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने झाला. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एम्लेन यांनी इंडिगो बंटिंग या पक्ष्यांना तारांगणातल्या कृत्रिम आकाशाखाली ठेवून ते ताऱ्यांवरून दिशा ठरवतात हे दाखवले, आणि त्याच दशकात जर्मनीत वोल्फगांग व्हिल्चको यांच्या प्रयोगांतून रॉबिन पक्षी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा उपयोग करतात हे पुढे आले. निघण्याची अंतःप्रेरणा मात्र बदलत्या दिनमानाशी आणि पक्ष्याच्या शरीरातील वार्षिक घड्याळाशी बांधलेली असते. हवामान फक्त नेमकी रात्र ठरवते.

ही नेमकी रात्र कोणती असेल याचा अंदाज बांधता येतो. आकाश निरभ्र आहे, वायुभार चढता आहे आणि वारा पाठीमागून, म्हणजे उत्तरेकडून आहे, अशा रात्री हजारो पक्षी एकदम निघतात. समशीतोष्ण प्रदेशांत थंड हवेची आघाडी ओसरून गेल्यावर असे दिवस येतात. इथे एक गोष्ट उलटी वाटेल : प्रवासाला अशी आदर्श रात्र निरीक्षकाला अनेकदा निराश करते, कारण आपल्याकडे मुक्कामाला असलेले पक्षी निघून जातात आणि उत्तरेकडून आलेले आपल्या डोक्यावरूनच पुढे जातात. सकाळी झाडी रिकामी असते. याउलट पक्षी रात्री निघाले आणि मध्यरात्रीनंतर पाऊस, धुके किंवा विरुद्ध वारा यांनी त्यांना गाठले, तर ते मिळेल त्या जागी उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या क्षुल्लक बागेतही माशीमार आणि वटवटे झाडाझाडावर दिसतात. म्हणून मी वारा पाहून रात्रीचा अंदाज बांधतो आणि पाऊस पाहून सकाळचा. पावसाच्या किंवा गच्च ढगांच्या रात्रीनंतर उघडलेली सकाळ शक्यतो चुकवू नये, आणि अनेक दिवस खराब हवामान राहिल्यास थांबून राहिलेल्या पक्ष्यांची गर्दी वाढत जाते हेही ध्यानात असू द्यावे.

सगळेच पक्षी रात्री उडत नाहीत. भिंगऱ्या, धोबी आणि तिरचिमण्या दिवसा, विशेषतः उजाडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत सरकतात. त्यांना पाहण्यासाठी मोकळे क्षितिज दिसेल अशा उंचवट्यावर एका जागी उभे राहावे आणि एकाच दिशेने जाणारे पक्षी दर पंधरा मिनिटांच्या गटात मोजावेत. समोरून हलका वारा असेल तर हे पक्षी जमिनीलगत उडतात आणि सहज दिसतात. पाठीचा वारा असताना ते उंच जातात आणि नजरेतून निसटतात. प्रवासी आणि चरणारा थवा यांतला फरक दिशेच्या सातत्यावरून कळतो. तळ्यावर गोल गोल फिरणाऱ्या माळभिंगऱ्या चरत असतात. तासभर सलग दक्षिणेकडे जाणाऱ्या आणि मागे न वळणाऱ्या माळभिंगऱ्या प्रवासात असतात.

घारी, गरुड, भोवत्ये यांसारख्या मोठ्या पक्ष्यांसाठी पहाटेची घाई उपयोगाची नाही. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या झोतात घिरट्या घालत वर जायचे आणि तिथून पंख न हलवता पुढच्या झोतापर्यंत घसरायचे अशी त्यांची रीत असल्याने सकाळी उशिरापासून दुपारपर्यंतचा काळ उत्तम असतो. समुद्रावर असे झोत सहसा मिळत नाहीत, म्हणून ते समुद्र टाळून डोंगररांगा आणि भूशिरे यांच्या कडेने जातात व अरुंद जागी एकवटतात. जॉर्जियातील बाटुमी येथे एका शरदात दहा लाखांहून अधिक, तर मेक्सिकोतील व्हेराक्रूझ येथे चाळीस लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले गेले आहेत ते याच कारणाने. अमेरिकेतील हॉक माउंटन हे आज शिकारी पक्ष्यांच्या मोजणीसाठी प्रसिद्ध असले तरी पूर्वी तिथे ते गोळ्या घालून मारले जात. १९३४ मध्ये ते अभयारण्य झाले. या ठिकाणांची भव्यता वादातीत आहे. मात्र तिथे लागू पडणारी तत्त्वे आपल्या गावाबाहेरच्या टेकडीलाही लागू पडतात, आणि अशा टेकडीवर ऑक्टोबरच्या दुपारी तासभर आकाश निरखणारे लोक फार थोडे असल्यामुळे तिथून काय जाते हे बहुधा कोणी पाहिलेलेच नसते.

रात्रीचा प्रवास प्रत्यक्ष पाहायचा असेल तर पौर्णिमेच्या मागेपुढे स्पॉटिंग स्कोप (तिवईवर ठेवायची एकनळी दुर्बीण) चंद्रावर रोखून धरावा. चकतीवरून झर्रकन जाणाऱ्या काळ्या आकृती दिसू लागतात. जॉर्ज लोअरी या अमेरिकी पक्षितज्ज्ञांनी १९४० च्या दशकात हीच युक्ती शास्त्रीय पद्धतीच्या पातळीवर नेली होती. शांत रात्री अंगणात बसून वरून जाणाऱ्या पक्ष्यांच्या हाका ऐकणे हाही चांगला मार्ग आहे, विशेषतः ढग खाली उतरलेले असताना.

दुर्मीळ पक्ष्यांविषयी दोन शब्द, कारण शरद म्हटले की सर्वांचे लक्ष तिकडेच जाते. या ऋतूत भरकटलेले पक्षी अधिक सापडण्याचे मोठे कारण पिलांचा अननुभव हे आहे. डच पक्षितज्ज्ञ पर्डेक यांनी ११,००० हून अधिक स्टारलिंग नेदरलँड्समध्ये पकडून स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रौढ पक्ष्यांनी वाट सुधारून नेहमीचा हिवाळी प्रदेश गाठला, तर त्या वर्षीची पिले जन्मजात दिशेने आणि अंतराने सरळ जात राहिली व स्पेन आणि दक्षिण फ्रान्सकडे पोहोचली. दिशा उपजत असते, दुरुस्ती अनुभवाने येते. उपजत दिशेची ताकदही कमी लेखू नये : २०२२ मध्ये उपग्रह-ट्रान्समीटर लावलेले पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचे सुमारे पाच महिन्यांचे पिलू अलास्काहून निघून वाटेत कुठेही न उतरता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर अंतर कापून टास्मानियाला पोहोचले. तरीही स्वतःच्या पाणवठ्यावर वेगळा पक्षी दिसला की आधी नेहमीच्या जातीचे अपरिचित वय, झडती पिसे किंवा फसवा प्रकाश या शक्यता संपवाव्यात आणि मगच दुर्मीळ नावाकडे जावे. माझ्या अनुभवात ‘दुर्मीळ’ म्हणून दाखवली जाणारी बहुतेक छायाचित्रे या पहिल्या तीन कारणांतच निकालात निघतात.

जागा निवडताना चालत किंवा सायकलने जाता येईल एवढे अंतर हा माझा पहिला निकष आहे, कारण लांबची जागा कितीही समृद्ध असली तरी तिथे सातत्य राहत नाही. पाणी ओसरत जाणारा उथळ काठ, त्यालगत थोडी झुडपे आणि एखादी मोकळी पट्टी एवढे असले तरी पुरते. काठोकाठ भरलेल्या तलावावर तुताऱ्या-टिलव्यांना उभे राहायलाही जागा नसते. पातळी उतरू लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्षी उतरतात. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी भरती पूर्ण होण्याच्या एक-दोन तास आधी पोहोचावे, कारण चढते पाणी दूरवर पांगलेल्या पक्ष्यांना जवळ ढकलते. सूर्य पाठीशी असावा. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगांची) दुर्बीण बहुतेक सर्व कामांना पुरेशी आहे, आणि चिखलाच्या दूरच्या टोकासाठीच स्कोप लागतो.

थव्याच्या जवळ जाण्याच्या बाबतीत मी कठोर आहे. वाटेत थांबलेला पक्षी इंधन भरत असतो. वाळवंट किंवा समुद्र ओलांडण्यापूर्वी काही लहान पक्ष्यांचे वजन जवळजवळ दुप्पट होते. त्याला उडवले की साठवलेले खर्च होते आणि चरण्याचा वेळही जातो. पक्ष्यांनी खाणे थांबवून माना उंचावल्या की आपण आधीच गरजेपेक्षा पुढे आलो आहोत असे समजावे व मागे सरावे. छायाचित्रासाठी थवा उडवणे आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवून वाटसरू पक्ष्यांना बाहेर काढणे या दोन्ही गोष्टी करू नयेत. रात्री अनावश्यक दिवे बंद ठेवणे हे मात्र प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे. ४ ते ५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीत शिकागोतील एका प्रकाशित काचेच्या इमारतीवर आपटून सुमारे हजार पक्षी मेले होते.

नोंदीसाठी दर भेटीत तोच मार्ग, साधारण तीच वेळ आणि तेवढाच अवधी ठेवावा. तारीख, सुरुवात-शेवटची वेळ, वाऱ्याची दिशा, ढग, पाण्याची पातळी आणि दिसलेल्या प्रत्येक जातीची संख्या लिहावी. कावळा आणि साळुंकीसुद्धा वगळू नयेत. काहीच दिसले नाही तर तीही भेट नोंदवावी, कारण पहिला धोबी १८ सप्टेंबरला दिसला या वाक्याला अर्थ येतो तो १५ तारखेला जाऊनही धोबी नव्हता हे माहीत असल्यावरच. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी भरल्यास ही शून्येही अभ्यासकांच्या हाती लागतात, परंतु स्वतःची वही सोडू नये. झडती पिसे, वय आणि शंका यांना तिथेच मोकळी जागा मिळते. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत कडी किंवा झेंडी दिसली तर तिचा रंग, तिच्यावरील अक्षरे आणि ती कोणत्या पायात, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली आहे, हे टिपून त्या कड्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला कळवावे. डेन्मार्कमध्ये मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये स्टारलिंगच्या पायांत ॲल्युमिनियमच्या क्रमांकित कड्या घालण्यापासून सुरू झालेली ही पद्धत आजही अनोळखी निरीक्षकांच्या अशा कळवण्यावरच चालते.

भेटींच्या अंतराबाबत : हंगामाच्या भरात आठवड्यातून दोनदा जाणे उत्तम, एकदा जाणे पुरेसे, आणि त्याहून विरळ गेल्यास वाटसरू जाती निसटतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आकडे स्थिरावू लागतात, सलग तीन-चार भेटींत त्याच जाती जवळजवळ त्याच संख्येने आणि त्याच कोपऱ्यांत दिसतात, आणि नव्या नोंदी जवळपास थांबतात. तेव्हा आलेले पक्षी मुक्कामी झाले असे धरावे आणि फेब्रुवारीत परतीची हालचाल सुरू होईपर्यंत पंधरवड्यातून एक फेरी ठेवली तरी चालते.